काळोख आणि पार्टी, बेंबळी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. फोन भाच्याचा होता, बेंबळीहून. दुपारी जेवून पप्पा जरा आडवे झाले ते उठलेच नाहीत, एवढंच तो म्हणाला. मला रडू यायच्या आत दुसरा फोन वाजला. अनोळखी नंबर. कोलकात्याचा कुणी मुलगा हुंदके देत हिंदीत सांगत होता, की देशातल्या गॉथिक रॉकचा, म्हणजे म्हणे स्मशानाकाळोखाच्या विलायती गाण्यांचा, पहिला आवाज आज बंद झाला. मी म्हटलं, बाळा, राँग नंबर लागला असेल, आमचा भाऊ सूतगिरणीतून रिटायर झाला होता. तो म्हणाला, हो, तेच... पुढचे दोन दिवस असे फोन येत राहिले, आणि माझ्या सख्ख्या भावाबद्दल परकी माणसं मला माहिती पुरवत राहिली.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तर कहर झाला. आम्ही घरचे सगळे पांढऱ्या कपड्यांत बसलो होतो. भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं आणि तेवढ्यात अंगणात एक गाडी येऊन थांबली. तीतून नखशिखान्त काळ्या कपड्यांतली दहाबारा पोरंपोरी उतरली. डोळ्यांत काजळ, बोटांत कवटीच्या अंगठ्या. रांगेत येऊन त्यांनी दादाच्या फोटोला फुलं वाहिली आणि शहाण्या मुलांसारखी मागे सतरंजीवर मांडी घालून बसली. ही पोरं कुठल्या शाळेची, असं वहिनीने मला हळूच विचारलं. आता काय सांगणार? ती दादाच्याच शाळेची होती.

हे सगळं आमच्या आबांच्या गायन पार्टीतून सुरू झालं. आबा म्हणजे आमचे वडील. जयंतीच्या दिवसांत त्यांच्या पार्टीला पंचक्रोशीतून बोलावणं असायचं. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, समोर पेटी आणि आवाज असा चढा, की लाउडस्पीकर बंद पडला तरी लोकांना पत्ता लागायचा नाही. दादा लहानपणापासून कोरसमध्ये होता. पण सोळाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला आणि जो खाली गेला तो वर आलाच नाही. सगळे चढ्या सुरात टाळ्या वाजवत गायचे आणि दादा एकटा खालून घुमायचा. तुजा आवाज आडात पडलाय, असं आबा म्हणायचे आणि त्याला टाळ्यांपुरता ठेवायचे.

मग तो कॉलेजला औरंगाबादला गेला. हॉस्टेलात त्याच्या खोलीत आफ्रिकेहून शिकायला आलेला एक मुलगा होता. त्याच्याकडे विलायती गाण्यांच्या कॅसेटी होत्या. दादा सुट्टीला आला तो त्यातली एक घेऊनच. तिच्यावरचं नाव पुसलेलं होतं, त्यामुळे गाणारा कोण हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण त्याचा आवाज दादापेक्षाही खाली होता. दादा टेपला कान लावून बसला होता आणि त्याचा चेहरा असा उजळला होता, की वाटावं, ह्याला जत्रेत हरवलेला भाऊ सापडला. मला म्हणाला, "सुजा, आडातला आवाज माज्या एकल्याचाच न्हाय."

कॉलेज अर्धं टाकून त्याने पार्टी काढली. आमच्याकडे प्रत्येक पार्टीला नाव लागतं, म्हणून हिचं नाव 'काळोख आणि पार्टी, बेंबळी'. चाँदभाई लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, तो आला. सोलापूरहून जुनी गिटार आली, आणि ती वाजवणारा एक पोरगाही. बुलबुलतरंग वाजवणारा आबांच्याच पार्टीतून फुटला, आणि ते आबांना फार लागलं. डोळ्यांना सुरमा चाँदभाईच्या अम्मीकडून. राहिला झगा. कापड मिळेना, तेव्हा दादाने आबांची छत्री उसवली आणि मी मशीनवर झगा शिवून दिला. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, छत्रीचं कुणाला काय काम, असा आमचा हिशेब. आबा ती उन्हासाठी वापरतात हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. त्यांनी धाराशिवला भर बाजारात छत्री उघडली, तर वर नुसत्या काड्या. तशीच उघडी धरून ते स्टँडपर्यंत चालत आले. कुणी विचारलं तर सांगत, आमच्या पोराच्या अंगावर हाय ती.

दादाची गाणी त्याने स्वतः रचलेली. स्मशान, वटवाघळं, ओसाड शाळा. लग्नाला त्याला कोण बोलावणार? एका बारशाला बोलावलं, तर बाळ असं काही रडलं, की आजीने दृष्ट काढली... आधी बाळाची, मग दादाची. त्यातलं एक गाणं मात्र वेगळं होतं. 'आडाच्या तळाला कोणी बसलंय गं, वर कोणी बघतंय का, पुसतंय गं.' त्या वर्षी गावातले सगळे आड कोरडे पडले होते.

दादाला लोकांच्या हसण्याचं काही वाटत नसे. त्याला एकच गोष्ट हवी होती. आबांनी त्याचं एक गाणं बसून ऐकावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आमच्या घरात गाणं सुरू असताना उठणं म्हणजे गाणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. कार्यक्रम कितीही रटाळ असो, आबा कधी उठत नसत. दादाने तोंड उघडलं, की मात्र पहिल्याच ओळीला उठायचे, धोतर झटकायचे आणि चालायला लागायचे. दरवेळी. दादा गात राहायचा, पण नजर त्या पाठमोऱ्या धोतरावर असायची. घरी येऊन जेवायचा नाही.

अशात तामलवाडीच्या रस्त्याला सहकारी सूतगिरणीची पायाभरणी ठरली. मंत्री येणार होते. चेअरमननी हौसेने बेंबळीच्या दोन्ही पार्ट्या सांगितल्या: आबांची स्वागतगीताला, दादाची जेवणानंतर करमणुकीला. आणि त्याच दिवशी रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायका पाण्यासाठी मंत्र्यांना काळे झेंडे दाखवणार, अशी बातमी पोलिसांना लागली. फाटकावर पोलिसांनी काळं दिसेल ते काढून घ्यायला सुरुवात केली. छत्र्या गेल्या, रुमाल गेले, एका भटजींची टोपी गेली. आणि समोरून आली आमची पार्टी. चौघे डोक्यापासून पायापर्यंत काळे, दादाच्या अंगावर वाऱ्याने फडफडणारा झगा. एवढा मोठा झेंडा पोलिसांनी जन्मात बघितला नसेल. चौघांना उचलून गाडीत घातलं.

स्टेजवर तेव्हा आबा स्वागतगीत गात होते. मी बायकांत बसले होते, मला सगळं दिसत होतं. आबांनी गाडीकडे बघितलं. पेटीवरची बोटं थांबली. मंत्री समोर हार घालून बसलेले, कोरसवाले तोंड उघडं ठेवून बसलेले, आणि आबा स्वतःचं गाणं अर्ध्यात टाकून उठले. धोतर झटकायचं विसरले. गाडीशी जाऊन म्हणाले, माझं पोरगं हाय, मलाबी घ्या. पोलीस म्हणाले, तुम्ही पांढऱ्यात आहात, तुम्हाला कसं घेणार? तोवर आबा आत चढून बसले होते. मीही मागोमाग रिक्षाने चौकीवर गेले आणि दारात उभी राहिले.

खडी फोडणाऱ्या त्या बायकांनाही पकडून आणलं होतं. व्हरांड्यात बसून त्या पोलिसांचा उद्धार करत होत्या. आत पार्टी आणि आबा कोठडीत होते, आणि गजांबाहेर फौजदार झेंडे कुठं लपवलेत म्हणून गिटारीच्या पोटात हात घालून बघत होते. दादा परत परत सांगत होता, की आमी गाणं म्हणणारी माणसं. फौजदार वैतागले. म्हणाले, "गाणं म्हणतोस ना? मग म्हण. कळू दे."

दादाने आडाचं गाणं धरलं. पहिल्या ओळीला सवयीने आबा उठले. पण दार बाहेरून लावलेलं होतं. दोन पावलं गेले, गजांशी थांबले, आणि वळून येऊन भिंतीला टेकून बसले. चाँदभाईने रिकाम्या बादलीवर ताल धरला. बाहेर बायका दाराकडे सरकल्या. त्या खोलीत तो आवाज असा घुमला, की माझ्या अंगावर काटा आला... मी त्याची बहीण, तोवर मीही हसतच होते. गाणं संपल्यावर व्हरांड्यातून एक म्हातारी म्हणाली, "परत म्हण रं लेकरा. आमच्या आडाचंच हाय ते."

फौजदारांनी चहा सांगितला. दादा आबांकडे बघत होता. आबांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला घाई करतूस. आडात उतरताना घाई करत न्हायत." दादाने मान डोलावली आणि मग तोंड फिरवून तो रडला. सुरमा गालावर उतरला, आणि तो त्या दिवशी खरोखर भुतासारखा दिसत होता.

पुढचं त्या काळ्या कपड्यांतल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते गाणं मोर्च्यांत गेलं, सोलापूरला कॅसेट निघाली, पुण्यामुंबईच्या कॉलेजांतून बोलावणी आली. चेअरमननी दादाला गिरणीत नोकरी दिली, गिरणीच्या कुठल्याही कार्यक्रमाला गायचं नाही या अटीवर. आबा शेवटपर्यंत त्याच्या कार्यक्रमांना पुढच्या रांगेत बसले. कुणी उठायला लागलं, की त्याच्या सदऱ्याला धरून खाली बसवायचे.

परवा भाच्याने दादाचं घरी केलेलं शेवटचं रेकॉर्डिंग पाठवलं. संध्याकाळी गॅसवर दूध ठेवलं आणि फोनवर ते लावून खुर्चीत बसले. तेच गाणं. आवाज म्हातारा झालेला, पण होता तिथेच, खाली. दुसरं कडवं त्याने असं सावकाश घेतलं, की मी मनात म्हटलं, आबा, ऐका. तेवढ्यात दूध वर यायला लागलं. पातेल्याच्या काठापर्यंत आलं, काठावरून उतू गेलं, शेगडीवर चरचरलं, गॅस विझला. दादा अजून गात होता. गाणं संपेपर्यंत मी उठले नाही.