ओल्या फडक्याची चाची

आमच्या गावात बांगड्या भरायला येणाऱ्या चाचीच्या दोन्ही हातांना, कोपरापासून मनगटापर्यंत, कायम ओलं फडकं गुंडाळलेलं असे. नेवाशाहून येताना प्रवरेत ती फडकी भिजवून घ्यायची. वाळली की बोलता बोलता दात आवळून खाजवायला लागायची. कुणी झाडपाला सुचवला तर म्हणायची, "लावून झालं समदं. खाज कातड्यात न्हाई बाई, आत हाय." बाया हसत.

डोक्यावर बांगड्यांची जड पाटी घेऊन गावोगाव फिरण्यात तिचा जन्म गेला होता. पाटी उतरवली की आधी मान चोळायची. मग समोरचीचा हात हातात घेऊन बोटं चेपत राहायची, आणि बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. माझी बहीण शांता हात आखडून घ्यायची. चाची तिला म्हणायची, "ढिला सोड गं. नवऱ्याला दावायची ताकद मला कशाला दावतीस?" शेवटी आशीर्वादाची एक बांगडी जास्त घालायची, आणि बाया तिला वाकून नमस्कार करत.

लढाईच्या दिवसांत शांताचं लग्न ठरलं. वडील नव्हते, सगळं माझ्यावर होतं. सोयऱ्यांकडच्या एका बाईने चाचीला खाजवताना पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "महारोग तर नाही ना? नवरीचा हात तिच्या हातात देणार तुम्ही?" लग्न मोडायची धास्तीच बसली मला. चुडा भरायच्या दिवशी चाची ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मी तिला ओट्यावरच अडवलं. "चाची, आज राहू दे. कासार बोलावलाय."

ती समजली. फडकं सोडून तिने हात पुढे केला. "एक फोड न्हाई, भाऊ. बघ की."

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

तिने पाटी पुन्हा डोक्यावर घेतली. जाताना म्हणाली, "कासाराला सांग, पोरीचा उजवा हात डाव्यापरीस मोठा हाय." मला तेही सांगवलं नाही. शांताच्या उजव्या हातात बांगड्या वाढल्या, रक्त आलं.

आमच्या दारातून ती परत गेली म्हटल्यावर इतर घरांनीही तिला बोलावणं सोडलं. पुढे शेवगावला लेकीकडे ती वारल्याचं ऐकलं.

गेल्या वर्षापासून माझे हात खाजतात. नगरच्या डॉक्टरांनी हात पाहिले, मग मान दाबून पाहिली. म्हणाले, "कातडीला काही नाही. मानेतली नस दबलीय, खाज तिथून येते." मला चाचीची पाटी आठवली. घरी येऊन मी फडकं भिजवलं.

परवा नातवाला घ्यायला हात पुढे केले, तर सूनबाई थबकली. मी फडकं सोडलं. "एक फोड नाही, बघ." तिने जवळ येऊन हात नीट पाहिला आणि पोर माझ्याकडे दिलं.

मी तेव्हा तेवढंही केलं नव्हतं.