प्रत्येक पुस्तकाखाली शेर

मी आणि माझ्या बुढीनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे अंबाडीची भाजी निवडता निवडता केलेलं भांडण. विषय होता, न्हाव्यानं शेराची कटिंग करावी की नाही. (शेर म्हणजे जंगलातला. पुस्तकात सिंह लिहिलं असलं, तरी बुढी त्याला शेरच म्हणायची.)

बुलढाण्याच्या आमच्या लेकीनं, संगीतानं, आईच्या मोबाइलमध्ये लहान पोरांच्या पुस्तकांची एक साइट लावून दिली होती. फुकट वाचा, फुकट दुसऱ्याला पाठवा! बुढी सातवी पास. रोज संध्याकाळी व्हिडिओवर नातीला, पिंकीला, त्यातलं वाचून दाखवायची. त्या दिवशी शेर न्हाव्याच्या दुकानात शिरला, खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "बारीक कर." तिथंच बुढी म्हणाली, "बाकी उद्या."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "न्हावी पळून जाईन."

"गिऱ्हाईक सोडून न्हावी पयत नसते!"

त्यावरून भाजी संपेपर्यंत भांडलो. पहाटे ती झोपेतच गेली. शेराचं काय झालं, ते स्वतःजवळच ठेवून!

तेरवी झाली, पाहुणे पांगले आणि पिंकीचा फोन आला.

"आबा, न्हाव्यानं कटिंग केली का?"

"केली असंन."

"असंन नाही! वाचून दाखवा. नाहीतर मी फोनच करणार नाही."

आता घरात बोलायला उरलं होतं कोण? हा फोनही बंद झाला तर मी बोलायचं कोणाशी, बकरीशी? (ती तर बुढीच्याच पक्षातली.) बुढीचा मोबाइल घेतला, चष्मा चढवला. शिक्षण माझं दुसरी, पण हिंमत पंधरावी!

साइट उघडली. पुस्तकंच पुस्तकं! आणि प्रत्येकाखाली एकच शब्द. बोट ठेवून वाचला. शे... अ... र. शेर! मांजराच्या पुस्तकाखाली शेर, हत्तीच्या पुस्तकाखालीही शेर. म्हटलं, आत बसला असेल. दाबला. तर मोबाइलनं नावं पुढे केली: 'गाव नळयोजना', 'सोयरे मंडळी'. मला वाटलं, हे पिंजरे! शेर कोणत्या पिंजऱ्यात आहे, ते उघडूनच पाहावं लागणार. मांजराखालून एक, हत्तीखालून दुसरा, असे सगळे उघडले.

शेर काही निघाला नाही. निघाले व्याही! फोनवर गरजले, "इवाई, तेरवीचे लाडू खाल्ले तं मले हत्ती म्हणता?"

"म्या काहाले म्हणू?"

"मंग 'हत्तीदादा, किती खातोस' हे काय पाठवलं?"

"ते पुस्तक म्हणते, म्या नाही!" (लाडू त्यांनी खाल्ले होते बरेच. पण दुःखाच्या घरी मोजू नये.)

फोन ठेवतो तोच सरपंच दारात. घामाघूम!

"आबा, ते मांजर म्हंजे मीच ना?"

"कोणतं मांजर बे?"

त्यानं मोबाइल दाखवला. नळाच्या ग्रुपवर 'मांजर म्हणते, आज आंघोळ नाही!' आणि खाली गावाचं उत्तर, 'मांजराले सांगा, आमची बी नाही झाली!'

"तुमच्या नावानं आलं असतं तं हासलो असतो," सरपंच म्हणाला. "पण हे काकूच्या नंबरवरून आलं ना! तेरवी झाल्यावर! माह्या घरची तं देवापाशी दिवा लावून बसली."

त्याच दुपारी नळ आला. जिवंतपणी बुढी त्या नळासाठी पंचायतीत किती वेळा भांडली, तेव्हा थेंब नाही. गेल्यावर एका मांजरात काम झालं!

मग संगीताचा फोन. हसून हसून तिला बोलता येईना. "आबा, शेअर म्हणजे पाठवणं! शेर नाही!" हसता हसता मध्येच म्हणाली, "आईचं नाव मोबाइलवर दिसलं अन् मले वाटलं..."

तिनं शेराचं पुस्तक शोधून दिलं. संध्याकाळी मी पिंकीसमोर छाती काढून बसलो आणि सुरू केलं, "न्... न्हा... न्हाव्... न्हाव्या..."

पिंकी म्हणाली, "आबा, तुमचं नेट अडकतंय."

नेट धडधडीत चालू होतं. अडकत होतो मी! शेवटी तिनं जांभई दिली. "राहू द्या आबा. तुम्ही जोडाक्षरं शिकून घ्या, मग करते फोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, केसांना तेल चोपडलं, टोपी झटकली आणि गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गात जाऊन उभा राहिलो.

बाई म्हणाल्या, "या आबा! कोणाले सोडाले आले?"

म्हटलं, "मलेच सोडाले आलो, बाई. रडलो तं घरी पाठवू नका."