भोंग्यावरून परत केलेली वर्गणी

आमच्या प्रमिलाबाईंना लाज म्हणून काही नाही, असं धुळ्याकडच्या त्या अख्ख्या गावाचं मत होतं. माझंही होतं. आम्ही दोघी एकाच शाळेत मास्तरणी, वर्ग शेजारी-शेजारी. शाळेत फळ्याखेरीज काही म्हणून नव्हतं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात बाईंनी डोक्यात घेतलं, की पोरांना पृथ्वीचा गोल पाहिजे म्हणजे पाहिजेच. "सरकार देईल तोवर ही पोरं आजोबा होतील, सुनंदाबाई," म्हणाल्या.

आमच्याकडे लग्नात अक्षता पडल्या, की भोंग्यावरून देणग्या पुकारायची रीत. मारुतीच्या देवळाला अमक्याकडून इतके, भजनी मंडळाला तमक्याकडून तितके. त्यात बाईंनी आमची शाळा घुसवली. बोलावणं असो नसो, मांडवात हजर! स्वतः माइक धरायच्या, नाव पुकारायच्या, आणि देणाऱ्याची छाती फुगायची. मी चिडवायचे, "अहो, मास्तरीण आहात की वासुदेव?" त्या खुशाल हसायच्या.

चुडामणनानांच्या मुलाच्या लग्नात हिलाल पुढे आला. दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस. त्याची इंदू बाईंच्या वर्गात. धुतलेली टोपी, हातात घडी केलेली पाचाची नोट. बाईंना वाटलं, ह्याच्याकडून कसं घ्यायचं? बरं, वाटलं तर वाटलं, पण बाई माझे, माइक तरी खाली ठेवावा की नाही!

"हिलालभाऊ, तुमच्याकडून नको. तुमची परिस्थिती आम्हाला ठाऊक आहे. इंदूला खाऊ घ्या."

भोंग्यातून हे गावभर गेलं. "बाईंचं मन मोठं!" पंगतीतून कुणीतरी ओरडलं, टाळ्यासुद्धा पडल्या. हिलालनं नोट मुठीत दाबली आणि न जेवता निघून गेला. मी बाईंचा पदर ओढला, पण त्या पुढचं नाव पुकारायला लागल्या होत्या.

जूनमध्ये शाळा उघडली आणि गोल आला. निळाशार, बोट लावलं की गरकन फिरणारा. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा तिकडे पळाली, म्हणून मीही गेले. नुसती झुंबड! इंदू तेवढी भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात पाठीमागे.

"इंदे, ये ना, फिरव. तुझी पाळी," बाई लाडानं म्हणाल्या.

"आमना पैसा नही शे त्यामा," पोर म्हणाली. "आबा म्हने, हात लावू नको."

बाईंचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. शाळा सुटल्यावर मला म्हणाल्या, "चला माझ्यासोबत." वाटेत एकदम बोलल्या, "मी त्या माणसाला गावासमोर भिकारी ठरवलं हो."

"ठरवलंत," मी म्हटलं. मला रागच आला होता. खोटा धीर कशाला द्यायचा?

हिलालच्या दारासमोर हापसा, तिथे बायांची ही गर्दी. मला वाटलं, बाई त्याला बाजूला घेऊन माफी मागतील. पण त्यांचा हिशेब निराळा. गावानं ऐकलं तसंच गावादेखत भरून द्यायचं! त्यांनी सरळ पदर पसरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिलालभाऊ, शाळेची वर्गणी राहिली तुमची. मागायला आले."

हापसा थांबला. हिलाल उठून उभा राहिला. क्षणभर त्याच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं काही आलं, देवाशपथ आलं. मग त्यानं घरात बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. पेरणी लांबलेली, कुणाच्या शेतात काम निघालं नव्हतं.

"बाई," तो अगदी हळू बोलला, "तवय व्हतात. आते नही शेतस."

तेव्हा होते, आता नाहीत. हळू बोलला, तरी बायांनी ऐकलंच. बाईंना पसरलेला पदर आवरायचंही सुचेना.