दोन्हीकडून सारखा आकडा

१९९४ सालची अक्षय्यतृतीया. घराची ठरलेली किंमत एकोणनव्वद हजार रुपये. पारनेरमधल्या त्या दोन खोल्यांच्या घरात हजर चौघे: मी, माझी पत्नी, घराच्या मालकीणबाई आणि त्यांचे थोरले दीर. आमच्या घरमालकाने महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती आणि एवढ्या पैशात दुसरं घर मिळत नव्हतं.

दिरांची एक अट होती. त्यांच्या घराण्यात किमतीचा आकडा उलटा लिहून मूळ आकड्यात मिळवत. आलेली बेरीज पुन्हा उलटवायची, पुन्हा मिळवायची. दोन्हीकडून सारखा वाचता येईल असा आकडा आला की तो ‘जुळला’, व्यवहार पक्का. हजार सोडून ८९ धरायचे. मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी धरा, तो आधीच जुळलेला आहे.

“हजार रुपये वाचवताय व्हय, साहेब?” म्हणत त्यांनी कागद पुढे ओढला.

८९ नि ९८, १८७. १८७ नि ७८१, ९६८. आकडे लांबत गेले. तोवर मी आतल्या खोलीत डोकावलो. भिंतीवर कोळशाने आकडे लिहिले होते. दाराशी १९६, खाली ८८७, मग १६७५, ७४३६, आणि तिथून खोलीभर. अक्षर शेवटपर्यंत एकसारखं, कुठे घाई नाही. शेवटची ओळ एका भिंतीवर मावली नव्हती, कोपऱ्यातून वळली होती. बाईंच्या यजमानांनी ही जागा एकशे शहाण्णव रुपयांना घेतली होती. आकडा जुळला नाही तरी घेतली, आणि मग वर्षानुवर्षं तो जुळवत बसले. एका सकाळी कोळसा खिडकीत ठेवून बाहेर पडले, ते आलेच नाहीत.

७४३६ ला अकराने भाग जातो. तो उलटवला तरी जातो, म्हणून त्याखालच्या प्रत्येक ओळीला जायला हवा. मी जमतील तेवढ्या ओळी तपासल्या. सगळ्यांना गेला. एखादी चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर दुसरा कागद भरला तरी आकडा जुळत नव्हता. पत्नी उठून उंबऱ्याशी उभी राहिली. बाई तिला हळूच म्हणाल्या, “त्यांचं बी आसंच सुरू झालं हुतं.”

पत्नीने माझ्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. मी दिरांचे कागद मागून घेतले. इथेही १८७ पासून प्रत्येक बेरजेला अकराने भाग जायला हवा होता. मधल्या एका ओळीला गेला नाही. हातचा एक सुटला होता. तिथून पुढे आम्ही दोघांनी मिळून केलं. अखेर ८८१३२०००२३१८८ आला. दिरांनी दोन्ही टोकांना बोटं ठेवली आणि एकेक आकडा सरकवत मधल्या शून्यावर आणली.

“जुळला,” ते म्हणाले.

बाईंनी मात्र एक मागितलं. “आतली भित रंगवू नका. माघारी आले तर कुठवर आलं हुतं ते त्यांना दिसाया पायजे.”

पत्नीने हो म्हटलं.

एकोणनव्वद हजार रुपये दिरांसमक्ष बाईंच्या हातात दिले. दिरांनी पैशाला हात लावला नाही.