कुसुमचा रविवार

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. माझ्या भावाच्या शेजारचे रामटेके शहराच्या दुसऱ्या टोकाहून, इंदोऱ्याहून, सायकल हाणत सक्करदऱ्याला मी शिकवते त्या शाळेत आले आणि फाटकापाशीच उभे राहिले. आत येईनात. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाले, "ताई, वहिनी गेल्या. लेकरायले घेऊन चला." कुसुम, माझी धाकटी भावजय. तेहतीस वर्षांची. तिची मंजू तेव्हा माझ्याच शाळेत दुसरीच्या वर्गात बसली होती, आणि तीन वर्षांचा बबलू घरी माझ्या सासूबाईंजवळ होता. दोन्ही मुलं दीड महिन्यापासून माझ्याकडे होती. दुसरीच्या वर्गाकडे जाताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती... आज मंगळवार. म्हणजे रविवार होऊन दोनच दिवस झाले.

याला आता सहा आठवडे होतील. तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला जो तो मला म्हणत होता, नणंद असून आईसारखं केलंत. ते ऐकवेना, म्हणून लिहायला बसले आहे.

धम्मदीक्षेच्या वर्षी, छप्पन साली, कुसुम आठ-नऊ वर्षांची होती. आईनं शिवलेला पांढरा फ्रॉक घालून वडिलांच्या खांद्यावर बसून आपण दीक्षेला गेलो होतो, हे ती फार मिजाशीत सांगायची. माहेरच्या घरातली ती पहिली मॅट्रिक. लग्नानंतर बालवाडीत शिकवायला लागली आणि सासूसमोरून, तेव्हा आमची आई होती, सायकलवर टांग टाकून जायला लागली. बबलू अंगावर पीत असतानाच तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकावी लागली. मी तिला कसं भेटावं या धास्तीनं गेले, तर ती कापूस भरून स्वतः शिवलेली उशी पोलक्यात घालून आरशासमोर उभी. म्हणाली, "ताई, पाहा बरं, कोणती माझी आन् कोणती शिलाईची?" मी रडायला लागले आणि तिलाच माझी समजूत घालावी लागली.

दीड वर्ष बरं गेलं. मग पाठ दुखायला लागली. बबलूला उचलताना कळ निघायची, तर तो जड झालाय असंच आम्ही धरून चाललो. पाठीचा एक्स-रे फोटो काढल्यावर कळलं की कर्करोग मणक्यात उतरलाय. डॉक्टर माझ्या भावाला, वसंताला, बाजूला घेऊन सांगत होते. कुसुमनं खाटेवरूनच हाक मारली, "डॉक्टरसाहेब, मंजू चौथीत जाईपर्यंत राहीन का मी? तेवढं मले सांगा." ते पुढच्या खाटेकडे वळले. तिनंही पुन्हा विचारलं नाही.

त्यानंतर ती बदलली, असं मला वाटायचं. कठोर झाली. सात वर्षांच्या मंजूला स्वतःची वेणी स्वतः घालायला लावायची. पोर आरशासमोर रडकुंडीला यायची, भांग वाकडा, एक वेणी वर, एक खाली, आणि ही खाटेवर पडून म्हणायची, "सोड, पुन्हा घाल." एकदा मी चिडले. "काहून छळून राहिली तिले? मी घालून देते ना!" कुसुम शांतपणे म्हणाली, "तुम्ही द्याल घालून ताई, मले माहीत आहे. पण तिले तुमची वाट पाहावी लागू नये." मी तरीही कंगवा हिसकून घेतला आणि मंजूच्या दोन घट्ट वेण्या घातल्या. कुसुम भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मुलांनी हे दुखणं पाहू नये, असं सगळ्यांचंच मत पडलं. सगळ्यात आग्रहानं मी बोलत होते. कुसुमला ते नको होतं. पण उठून त्यांच्या पोटाला करण्याची ताकद राहिली नव्हती. म्हणाली, "न्या. पण दर रविवारी मले दाखवून जाजा." मी नेत होते. दर रविवारी परतताना बबलू बसमध्ये आकांत करायचा, रात्री अंथरूण ओलं करायचा. सोमवार त्यातच जायचा.

आता खरं लिहिते. आम्हाला मूल नाही. त्या दीड महिन्यात माझ्या घरात पहिल्यांदा दोरीवर लहान कपडे वाळत होते. त्या शुक्रवारी जेवताना बबलू मला चुकून "आई" म्हणाला. मी त्याला दुरुस्त केलं नाही... पुढचा घास भरवला. शनिवारी वसंता निरोप घेऊन आला, "ताई, ती म्हणून राहिली, उद्या लेकरायले नक्की आणा." मी म्हटलं, "बबलूले सर्दी आहे रे. पुढच्या रविवारी आणते." बबलू दोनदा शिंकला होता, बस्. रविवारी मी मुलांना सक्करदऱ्याच्या तलावावर नेलं. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. फार आनंदात गेला तो दिवस.

इंदोऱ्यात काय झालं, ते रामटेक्यांच्या बायकोनं मला नंतर सांगितलं. निरोपाचं उत्तर ऐकूनही, सर्दी उतरली तर येतील म्हणून कुसुमनं सकाळी अंग पुसून घेतलं, हिरवं पातळ नेसवून घेतलं, आणि पाठीला उशा लावून दाराकडे तोंड करून बसली. तिला पाच मिनिटं बसवत नव्हतं. ती दुपारपर्यंत बसली. मग म्हणाली, "ताई म्हणते म्हणजे सर्दी जास्तच असंल. निजवा मले." माझ्यावर तिनं शंकासुद्धा घेतली नाही.

त्या मंगळवारी मंजूनं मला रिक्षात विचारलं, "आत्या, रविवारी आई आमची वाट पाहत होती का?" मी म्हणाले, "नाही गं, ती झोपली होती." मंजूला अजून जोडाक्षरं अडतात. सरळ वाचता येतील, तेव्हा हा कागद मी स्वतः तिच्या हातात देईन.

मुलं मी माझ्याकडेच ठेवीन, असं मी गृहीत धरलं होतं. वसंतानं नकारार्थी मान हलवली. "तिनं लेकरं घरीच ठेवाले सांगितलं, ताई." आता शाळा सुटली की मीच इंदोऱ्याला जाते. पहिल्या दिवशी चहा करायला स्वयंपाकघरात गेले. वरच्या दोन्ही फळ्या रिकाम्या. भांडीवालीनं काही नेलं की काय, असं मनात आलं. मग खाली पाहिलं. चहा, साखर, तांदूळ, डाळ, तिखट, मीठ... सगळे डबे जमिनीलगत भिंतीशी एका ओळीत लावलेले. पळ्या-झाऱ्यांचे खिळेसुद्धा माझ्या कमरेइतक्या, मंजूच्या हाताच्या उंचीवर ठोकलेले. मंजू म्हणाली, "आईनं दिवाळीच्या आधी केलं. ती खाली बसून सांगे, मी स्टुलावर चढून एकेक डबा काढून दिला."

चहा झाल्यावर सवयीनं मी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मंजूनं स्टूल ओढलं, चढून तो डबा खाली घेतला आणि होता तिथं ठेवला.

"तुले वाकावं लागन, आत्या," ती म्हणाली.

मी रोज वाकते.