धोंडाबाईचा गेरू

पत्रा उचलला गेला तेव्हा रशीद त्याच्यावर उभा होता. तिसरा मजला, आणि दोन पावलांवर जिन्यासाठी सोडलेलं मोकळं भोक. त्यातून खाली पाहिलं की सरळ तळमजला. वावटळ पत्र्याखाली शिरली, त्याची एक बाजू गुडघ्याएवढी वर आली आणि रशीद भोकाकडे घसरायला लागला. मी हातात पत्र्याचा आखूड तुकडा धरून नुसती बघत होते. माझ्या मागून धोंडाबाई धावली आणि वर आलेल्या बाजूवर धाडकन पालथी पडली.

"सुमन, आडवी पड. रशीद, बस खाली. वाऱ्यात उभं ऱ्हायचं नसतं."

धोंडाबाई कारखान्यात माझ्याबरोबर होती. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आमच्या गल्लीत टँकर कधी यायचा कधी नाही, आणि शहर मात्र गाजरगवतासारखं वाढत होतं. इमारती आता लोखंडाच्या उभ्या राहत होत्या. लोखंडी तुळया, त्यांच्यावर नालीदार पत्रा, पत्र्यावर सळ्या आणि काँक्रीट, झाला मजला. हा पत्रा आधी जागेवर नेऊन कापायचे, ठिणग्या उडायच्या, निम्मा वाया जायचा. आमच्या कारखान्यात तो आधीच मापात कापून निघायचा. कुठल्या मजल्याचा, कुठल्या कोपऱ्याचा, सगळं ठरलेलं. तिथं नेऊन फक्त अंथरायचा.

मला ते काम फार आवडायचं. यंत्राच्या एका तोंडात सपाट पत्र्याचं वेटोळं जायचं आणि दुसऱ्या तोंडातून लाटा उठलेला पत्रा सळसळत यायचा. मग कात्री पडायची, खाट. जमीन हादरायची. चूल आणि धुणं सोडून काही न पाहिलेल्या बाईला ते पाहून काय वाटत असेल, ते ज्याचं त्याने समजावं. मी सकाळी लवकर जायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

धोंडाबाई फर्दापूरच्या खालच्या अंगाच्या गावची, धनगराची. चारा संपला तेव्हा घरच्यांनी मेंढरं सिल्लोडच्या बाजारात विकली आणि कामासाठी इकडे आले. पहिल्याच दिवशी तिने लाटा उठलेल्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्या तर बरगड्या दिसत्यात. खायला घालत नाय का हिला?" आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही. ती खरंच विचारत होती.

तिचं काम गठ्ठे बांधायचं. कंबरेच्या बटव्यात गेरूचा खडा असायचा. धनगर आपली मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळू नयेत म्हणून पाठीवर रंगाची खूण करतात, तशी ही प्रत्येक गठ्ठ्याच्या टोकाला ओल्या गेरूचा पट्टा ओढायची. साहेब म्हणाले, "धोंडाबाई, चिठ्ठी चिकटवतो ना आम्ही."

"चिकटवा की. चिठ्ठी वाऱ्यानं जाती. माझी मेंढी अंधारात बी मला सापडंल."

"अंधारात गेरू दिसतो का?"

"मग वासानं सापडंल. तुम्ही तुमचं बघा."

तोंडाने अशी. कुणाचंही ऐकायची नाही आणि चुकली तरी आवाज खाली यायचा नाही. पण पत्र्याच्या धारेने माझा तळवा कापला तेव्हा तिने स्वतःचे हातमोजे काढून मला दिले आणि वर म्हणाली, "तुझं कातडं शेळीचं, पातळ. माझं चालतंय."

रशीद घसरला त्या इमारतीचं काम असं होतं, की पहिल्या मजल्याचे लांब पत्रे कापताना जी टोकं उरत, त्यांतून तिसऱ्या मजल्याच्या जिन्याकडचे आखूड तुकडे काढायचे. तुकडे बाजूला ठेवून त्यांचा वेगळा गठ्ठा बांधायचा. धोंडाबाईने ते उचलले आणि ज्या लांब पत्र्यांतून ते निघाले होते, त्यांच्याच गठ्ठ्यात बांधले. वरून गेरू ओढला. चिठ्ठी गठ्ठा बांधून झाल्यावर लागते, आत काय आहे ते चिठ्ठीला कळत नाही.

दुसऱ्या आठवड्यात इमारतीवरून रशीदचा फोन आला. रशीद खुलताबादचा, अंथरलेले पत्रे तुळयांना स्क्रूने आवळायचं काम त्याचं. तो आवळायला जिन्याकडून सुरुवात करायचा आणि तिथले तुकडेच नव्हते. साहेबांनी आम्हां दोघींना गाडीत बसवलं. "तुमची खूण तुम्हीच ओळखा," म्हणाले.

रशीद आम्हाला पाहून हसला. "मौसी, तुम्हारे बकरे किधर गए?"

"बकरे नाय रं, मेंढरं. आन् कुठं जात्यात, आईपाशीच असतील."

तुकडे खरोखर पहिल्या मजल्यावर सापडले, भिंतीला टेकवलेले. मी म्हटलं, "धोंडाबाई, हे इथं कसे?"

"मी बांधले. पिणारं कोकरू आईपासून तोडत नसत्यात. आमच्याकडं मेंढी इकली तरी कोकरू तिच्यासंगंच देत्यात."

"अगं, पत्रा आहे तो."

"व्हय की. पन हात ऐकत नाय."

आम्ही एकेक तुकडा घेऊन वर गेलो. तुकडे आज मिळतील या भरवशावर रशीदने सकाळीच तिसऱ्या मजल्याचे गठ्ठे उघडून लांब पत्रे अंथरले होते, सगळे मोकळे, एकही स्क्रू नाही. पश्चिमेकडून धुळीचा खांब उठला. रशीद ओरडला, "मौसी, नक्को आओ इधर." आणि पत्रा उचलला गेला.

मी आडवी पडले. तोंडात धूळ, खाली पत्रा जिवंत जनावरासारखा थरथरत होता. रशीद बसला, मग लोळून आमच्याकडे आला. धोंडाबाईने त्याची गचांडी धरून डोकं खाली दाबलं. वादळात मेंढरं अशीच एकमेकांत डोकी खुपसून बसतात, हे तिने नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त एकच आवाज काढत होती, "हिर्र, हिर्र," कळपाला बसवायचा. कडेचा एक पत्रा उडाला, गिरक्या घेत खाली गेला. खालची माणसं टँकरवर पाणी भरायला गेली होती म्हणून त्याच्याखाली कुणी नव्हतं.

वारा सरला तेव्हा तिच्या दंडातून रक्त वाहत होतं. पदराने बांधलं आणि रशीदला म्हणाली, "चूक माझी हाय. तुझ्या घरी सांग, मौसीनं ढकलला व्हता आन् मौसीनंच धरला."

रशीदचे ओठ पांढरे पडले होते. तरी म्हणाला, "मौसी, मेरेकू भी गेरू लगा दो. गुम नहीं होऊंगा."

तिने बटवा सोडला आणि त्याच्या हेल्मेटवर पट्टा ओढला.

साहेबांनी तिला काढलं नाही, रागावले मात्र भरपूर. त्यानंतर आखूड तुकडे वेगळे ओळखू यावेत म्हणून त्यांना निळा रंग आला. ती तो लावायची, पण त्याला कायम सावत्र रंग म्हणायची.

धोंडाबाई आता नाही. म्हातारपणाने गेली, अंथरुणात. त्या दिवशी मजल्यावर आम्ही तिघं होतो, धोंडाबाई, रशीद आणि मी. तिघंही जिवंत खाली उतरलो.