ईदच्या चांदाची गवाही

आमच्या गावात ईदची नमाज पहिल्यांदा झाली ती माझ्या डोळ्यांमुळे झाली. कोणाला ही बढाई वाटत असेल तर वाटो. घडलं तसं सांगतो.

गाव गडचिरोलीच्या पुढे, जंगलाच्या पोटात. तेव्हा जिल्हा चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आणि इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झालेली. कुणब्यांची घरं धान पिकवायची, नाल्यापलीकडे गोंडांचा टोला, म्हणजे पाडा, आणि आम्हा मुसलमानांची मोजकी घरं, सगळी बैलगाडी हाकणारी. बाप गेल्यावर बापाची गाडी माझ्याकडे आली. मुसलमान म्हणजे आम्ही कितीसे? नाव मुसलमानाचं, कोंबडं बिस्मिल्ला म्हणून कापायचं, माणूस मेलं की पुरायचं, मोहरमात पंजांची सवारी पाहायला धावायचं. नमाज कोणालाच धड येत नव्हती. ईदला ज्याला जमेल तो चांद्याला जायचा. बाकीचे घरी शेवया खाऊन झोपायचे.

एका उन्हाळ्यात वरोऱ्याकडचे एक हाफिजजी रमजानभर आमच्याकडे राहायला आले. हाफिज म्हणजे ज्याला अख्खं कुराण तोंडपाठ असतं तो. माणूस म्हातारा, काडीसारखा, पण आवाज असा की इकडे अजान दिली की नाल्यापलीकडची कुत्री उठून बसायची. त्यांनी मला पहिल्याच दिवशी धरलं.

"कलमा येतो?"

"येतो ना." मी घडाघडा म्हणून दाखवला.

"अर्थ सांग."

अर्थ कोणाला ठाऊक? मग त्यांनीच सांगितला. अल्लाशिवाय पूजेच्या लायक कोणी नाही, आणि मुहम्मद पैगंबर त्याचे रसूल, म्हणजे त्याचा निरोप माणसांपर्यंत आणणारे. अल्लाला आकार नाही, चित्र नाही, मूर्ती नाही. त्याला कोणी जन्म दिला नाही आणि त्यानं कोणाला दिला नाही. लहानपणापासून जे तोंडात होतं ते त्या दिवशी कानात गेलं.

मग मी त्यांचा पिच्छाच पुरवला. हात-पाय-तोंड धुऊन वजू कसा करायचा, मावळतीकडे तोंड काऊन करायचं (काबा तिकडे आहे म्हणून), उभं कधी राहायचं, वाकायचं कधी, कपाळ कधी टेकायचं. पाटलापुढे, ठेकेदारापुढे, जंगलखात्याच्या साहेबापुढे मान वाकवणं माझ्या कधी रक्तातच नव्हतं. हाफिजजी म्हणाले, "कपाळ टेकायचं ते एका त्याच्यापुढे. बाकी कोणापुढेच नाही." हे मला इतकं पटलं की त्या दिवसापासून पाची वेळची नमाज धरली, ती आजवर.

रोजे मात्र हाडं काढणारे. तेंदूपत्त्याचा हंगाम, वैशाखाचं ऊन, आणि पहाट फुटायच्या आधीपासून सूर्य बुडेपर्यंत पोटात दाणा नाही की थेंब नाही. कुणबी दोस्तांना खरंच वाटेना. "पाणीबी नाई? आमच्या उपासाले तं भगर चालते, ताक चालते!" त्याहून वाईट म्हणजे बिडी. मी फळीवरून, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागेवरून, गोदामापर्यंत गाडीभर बिडीचं पान वाहायचो आणि तोंडात बिडी नाही! नाकाशी वास, घशाला कोरड. तरी एक रोजा सोडला नाही. संध्याकाळी खजूर कुठून आणणार? आम्ही पिकल्या टेंभरांवर रोजा सोडायचो, त्याच तेंदूच्या झाडाचं फळ.

महिना असा सरत आला आणि गावात एकच गडबड उडाली. हाफिजजी म्हणाले, या वर्षी चांद्याला जायचं नाही, ईदची नमाज इथंच, बोडीच्या पाळीवर. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, पाळ म्हणजे त्याचा बांध. जागा झाडली, पांढऱ्या मातीनं सारवली, शेतमालक पाटलानं सतरंज्या देतो म्हणून सांगितलं. माझं तर जमिनीला पाय लागेनात. पण घोडं एका जागी अडलं. त्या दिवशी एकोणतिसावा रोजा. संध्याकाळी चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद. नाही दिसला तर तिसावा रोजा, आणि ईद परवा. आणि परवा पहाटे माझी गाडी ठेकेदाराच्या मालाबरोबर सिरोंच्याकडे निघणार होती. आठवड्याचा रस्ता. ईदची नमाज एकट्यानं होत नाही, तिला जमात लागते. म्हणजे चांद आज दिसला तर माझी ईद, नाही तर गावाची पहिली नमाज होईल तेव्हा मी बैलांच्या शेपट्या पिळत असणार.

जिद्दीला पेटलो. गावातून मावळत दिसतच नाही, सगळी झाडं. टेकडीवर मचाण होतं, तिथून माझा एक गोंड दोस्त वणव्यावर नजर ठेवायचा, जंगलखात्याचा राखणदार. दुपार कलली तसा त्याच्याकडे चढलो.

"काऊन रे, रोजा धरून टेकडी चढते? मरते का?"

"चांद पाहाचा हाये. तुह्यासारखे डोळे कोणाचे नाई."

"मंग माहे डोळे घेऊन जा, तू कायले आला!"

आकाश बेकार होतं. कुठंतरी रान पेटलेलं, धुराचा पट्टा मावळतीला आडवा पडलेला. सूर्य तांबडा होऊन बुडाला. मी दोन टेंभरांवर रोजा सोडला, पाणी प्यालो आणि डोळे फाडून बसलो. काही नाही. धूर, धूर. तेवढ्यात त्यानं माझी मान धरून थोडी डावीकडे वळवली. "थ्या फाटक्या धुरातून पाह्य."

दिसला! नखाची कोर कशी असते तशी, बारीक, पांढरी, पाठीवर उताणी पडलेली, दोन्ही टोकं वर. मी डोळे पुसले, पुन्हा पाहिला. मग धुरानं गिळला.

मी टेकडी कशी उतरलो ते बाभळीच्या काट्यांना विचारा. गावात शिरलो तो ओरडतच. हाफिजजी नमाज आटोपून आमच्या अंगणात बसले होते, भोवती सगळी गाडीवान मंडळी. त्यांच्यातल्या कोणालाच चांद दिसला नव्हता.

"मी पायला! डोयानं पायला!"

हाफिजजींनी मला जमिनीवर बसवलं. "बोटानं काढून दाखव." मी धुळीत कोर काढली, उताणी, होडीसारखी. "कुठं होता? किती वर?" सांगितलं. "संग कोण होतं?" तेही सांगितलं.

"तो माणूस खरा असेल," हाफिजजी म्हणाले, "पण ईदचा चांद म्हणजे रोजे संपवायचा हुकूम. त्याची गवाही, म्हणजे साक्ष, रोजा ठेवणाऱ्याचीच लागते. आणि आकाश असं धुरकट असलं की ईदच्या चांदाला दोन मर्द गवाह पाहिजेत. तू एकटा."

माझ्या पाठोपाठ खाली उतरलेला माझा गोंड दोस्त हसला. "घ्या! चांद दाखोला म्या, अन् गवाह हा!"

तेवढ्यात माझा गाडीचा जोडीदार पुढे आला. नात्यानं चुलतभाऊ, त्याचीही गाडी माझ्याबरोबरच जायची होती. "हाफिजजी, मीबी पायला. विहिरीपाशी उभा होतो, पायला."

माझा जीव भांड्यात पडला. हाफिजजींनी धूळ सारखी केली. "काढ."

त्यानं काढली. उभी कोर, एका अंगानं फुगलेली, दर्ग्याच्या हिरव्या झेंड्यावर शिवलेली असते अगदी तशी. उन्हाळा सरता सरता, या दिवसांत, आमच्याकडे नवा चांद कधी उभा दिसत नाही, पाठीवरच दिसतो. हे मोकळ्या आभाळात पाहणाऱ्यालाच ठाऊक.

"हा झेंड्याचा चांद आहे," हाफिजजी हळूच म्हणाले. "आभाळाचा नाही. बेटा, रोजा नुसता पोटाचा नसतो. जिभेचाही असतो."

जोडीदार मान खाली घालून मागं सरला. आणि आता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. एक खोटा निघाला तर दुसराही असेल, असं त्या नजरा बोलत होत्या. एक म्हातारा गाडीवान म्हणालाच, "ह्याले परवा जायाचं हाये ना. घाई हाये बुवा ह्याले."

माझं डोकं फिरलं. "मंग नका मानू! मी पायला तं माही ईद उद्या. एकटाच करतो!"

"नाही होत," हाफिजजी शांतपणे म्हणाले. "तू खरा असशील, तरी तुझी गवाही मानली गेली नाही तर उद्या तुलाही रोजा ठेवावा लागेल. जमातीला सोडून कोणाची ईद नाही."

असं कधी ऐकलंय? चांद माझ्या डोळ्यांत, आणि रोजा माझ्या गळ्यात! पण त्यांनी म्हटलं ते असं ठाम, की मी ऐकून घेतलं. माझ्यासारखा माणूस! मी नुसता दात खात बसून राहिलो.

तेव्हा कुडाच्या भिंतीमागून हसू आलं. बायकांचं. मग माझ्या आईचा आवाज, "थो तं खरंच सांगून राह्यला."

हाफिजजी चमकले. "कोण आहे?"

"मी हाये, ह्याची अम्मा. अन् शेजारची खाला हाये संग. आम्ही पाणी भराले बोडीवर गेल्तो. बोडी आटली, मावळत मोकळी हाये तिथी. आमाले दिसला नं."

"मग इतका वेळ गप्प काऊन बसलीस?" मी ओरडलो.

"कोणी इचारलं? मर्दाइच्या चांदात बायाइचं काय काम, मनलं."

हाफिजजींच्या चेहऱ्यावर जी चमक आली ती मी विसरणार नाही. उठून उभे राहिले. "बाई, शरीअतमध्ये दोन मर्द नसतील तर एक मर्द आणि दोन औरती चालतात! दोघी यासाठी, की एक विसरली तर दुसरीनं आठवण द्यावी. सांगा, कसा होता?"

भिंतीमागून दोघी एकदम सुरू झाल्या.

"उताणा होता. पाळण्यातल्या लेकरावाणी."

"पळसाच्या शेंड्यावर."

"शेंड्यावर कुठी बाई? शेंड्याच्या अंमळ डावीकडं. तुले दिसते कमी."

"मले दिसते कमी? आधी दाखोला कोणं?"

"दाखोला तू, पण डावीकडं होता!"

"बरं, डावीकडं. धूर फाटला तवा दिसला, मंग गेला."

धूर फाटला! मी तोंडातून हा शब्द अजून काढलाच नव्हता, त्या भिंतीमागून तो आपल्या पायानं चालत आला. हाफिजजींनी दोघींना विचारलं, रोजे ठेवता? अम्मा म्हणाली, ठेवतो, आणि वर याच्यासाठी पहाटे भाकरीही भाजतो. अंगणभर हशा पिकला. मग त्यांनी मला, आणि भिंतीकडे तोंड करून त्या दोघींना, अल्लाला साक्ष ठेवून तेच पुन्हा सांगायला लावलं. आम्ही सांगितलं. तेव्हा हात वर करून ते म्हणाले, "उद्या ईद!"

मी माझ्या गोंड दोस्ताला उचलून गरगर फिरवला. तो शिव्या घालत होता.

सकाळी नमाजेच्या आधी फितरा काढायचा असतो, घरातल्या माणसामागं ठरलेलं धान्य गरिबाला. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत त्याचीही ईद व्हावी म्हणून. आमच्याकडे गहू कुठला, हाफिजजींनी तांदूळ चालेल म्हटलं. अम्मानं मापून काढला, मी पोचवून आलो. बोडीत डबकं उरलं होतं त्यात अंघोळ केली, धुतलेलं धोतर-कुडतं, कानात अत्तराचा फाया. पाळीवर सतरंज्या. पाटील आले होते, टोल्यावरची मंडळी झाडाखाली बसून पाहत होती. मी पहिल्या ओळीत उभा राहिलो, खांद्याला खांदा लावून, एका बाजूला तोच म्हातारा गाडीवान ज्यानं मला घाई आहे म्हटलं होतं, दुसऱ्या बाजूला माझा जोडीदार. ओळीत कोण कालचा खोटा आणि कोण कालचा खरा असं काही नसतं.

ईदच्या नमाजेत रोजच्यापेक्षा जास्त वेळा अल्लाहु अकबर म्हणून हात कानापर्यंत उचलायचे असतात. आम्ही सगळेच नवखे. दुसऱ्या रकातीत, म्हणजे नमाजेच्या दुसऱ्या फेरीत, हाफिजजींनी हात उचलले तेव्हा अर्धी ओळ वाकली, अर्धी उभी, आणि म्हातारा गाडीवान वाकून पुन्हा उठला तो मला कोपर लागलं. झाडाखालून कोणीतरी खुदकन हसलं. हाफिजजी डगमगले नाहीत, आवाज चढवून पुढची तकबीर, म्हणजे अल्लाहु अकबर, दिली, आणि सगळी ओळ एकदम, एका दमात, खाली गेली. कपाळ टेकलं तसा सतरंजीखालच्या सारवलेल्या मातीचा गार वास नाकात शिरला. मला तिथून उठावंसंच वाटेना.

सलाम फिरवून नमाज संपल्यावर जो तो गळ्यात पडत होता. पाटलांनाही मी मिठी मारली, ते अवघडून उभे राहिले आणि मग तेही हसले. घरी आलो तर दारात अम्मा आणि खाला, दोघी नव्या बांगड्या घालून, चुलीवर दुधात शेवया, वर रानातली चारोळी.

"झाली का नमाज?" अम्मानं विचारलं.

"झाली."

"कोणाच्या गवाहीनं झाली?"

मी तसा हार मानणारा नाही. म्हटलं, "अर्धी माह्या, अर्धी तुमा दोघीच्या."

"अन् दोघी नसतो तं तुह्या अर्धीचं काय केलं असतं?" खाला म्हणाली आणि वाटी माझ्या हातात ठेवली. भर दिवसा, सूर्य डोक्यावर येत असताना, मी पहिला घोट घेतला. महिन्याभरानं दिवसाच्या उजेडात पोटात गेलेला तो पहिला घोट, इतका गोड की तोंड भाजलं तरी मी थांबलो नाही.